घर उभं आहे, पण फरशीखाली काय आहे? काळ्या मातीवरच्या घरांचा न मोजला जाणारा प्रश्न

परभणी : सप्टेंबर २०२५ च्या पावसाने मराठवाड्याचं काय केलं, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. पिकं वाहून गेली, जमिनी खरवडल्या, जनावरं दगावली, घरं पडली. ऑक्टोबरात राज्य सरकारने ३१ हजार ६२८ कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर केलं. त्यात पडलेल्या घरांचा, झोपड्यांचा, गोठ्यांचा हिशेब होता. पण एक नुकसान असं आहे की ते पंचनाम्याच्या कागदावर सहजासहजी येत नाही. घर उभं असतं, पत्रे किंवा स्लॅब जागेवर असतो, भिंतीला जेमतेम एखादी चीर असते. फरशीवर पाय ठेवला की मात्र डब-डब आवाज येतो. कोपऱ्यात फरशी अर्धा-एक इंच खाली गेलेली असते. भिंत आणि फरशीच्या मधे बोट जाईल एवढी फट पडते आणि त्या फटीतून मुंग्या, उंदीर, कधी कधी त्याहून वाईट काही वर येतं.

आपल्याकडे स्लॅब म्हटलं की डोक्यावरचा स्लॅब. इथे बोलायचं आहे ते पायाखालच्या काँक्रीटबद्दल, म्हणजे जोत्याच्या आतल्या भरणीवर टाकलेल्या कोब्याबद्दल. त्या कोब्याखालची भरणी बसली, वाहून गेली किंवा आकसली की मधे पोकळी राहते. काँक्रीट काही दिवस तसंच अधांतरी टिकतं, मग एक दिवस कपाट किंवा धान्याच्या पोत्यांची थप्पी ठेवल्यावर तडकतं. लोक म्हणतात सिमेंट कच्चं होतं. बहुतेक वेळा दोष सिमेंटचा नसतो, सिमेंटखालच्या मातीचा आणि पाण्याचा असतो. हे समजून न घेता वरून नवी टाइल बसवली, तर दोन पावसाळ्यांत पुन्हा तेच होतं आणि पैसा मातीत जातो.

काळी आणि पांढरी

जुन्या माणसांना विचारा. शेताला ते ‘काळी’ म्हणायचे आणि गावठाणाला ‘पांढरी’. जुन्या महसुली कागदांतही हे शब्द आहेत. यात नुसता रंगाचा फरक नाही. काळी पिकासाठी, पांढरी घरासाठी, ही वाटणी अनुभवातून आली होती. काळ्या मातीत पीक जोमात येतं, कारण ती पाणी धरून ठेवते. आणि नेमकं त्याच कारणाने ती घराला त्रास देते.

आपली काळी माती दख्खनच्या काळ्या दगडापासून, म्हणजे बेसॉल्टपासून तयार झाली. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचं चिकणमातीचं खनिज असतं. पाणी मिळालं की ते फुगतं, वाळलं की आकसतं. मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि मृगात त्या मिटतात, हे आपण दरवर्षी बघतो. हीच हालचाल घराखालीही चालू असते. मोठी इमारत आपल्या वजनाने ती थोडीफार दाबून धरते. दोन खोल्यांचं हलकं घर मातीबरोबर वर-खाली होतं.

जिल्ह्यात सगळीकडे सारखी स्थिती नाही. उत्तरेला जिंतूरकडे डोंगररांगा आहेत, दक्षिणेला गंगाखेड-पालमच्या बाजूला बालाघाटाचे डोंगर आहेत. तिथे बऱ्याच ठिकाणी चार-दोन फुटांवर मुरूम लागतो. पण गोदावरी, पूर्णा आणि दुधना यांच्या काठच्या सखल पट्ट्यात, म्हणजे परभणी, मानवत, पाथरी, सोनपेठ, पूर्णा या तालुक्यांत, काळ्या मातीचा थर चांगलाच खोल आहे.

आता गावठाणात जागा उरली नाही. कुटुंबं वाढली, वाटण्या झाल्या. नवीन घरकुलं गावाबाहेर, शेताच्या कडेला, म्हणजे पांढरी सोडून काळीत उभी राहतात. माळवदाच्या घरात राहणारी आधीची पिढी पांढरीवर राहत होती आणि तिथली जमीन शेण-मातीने सारवलेली होती. ती बसली तर वरून माती टाकून पुन्हा सारवता यायची. काँक्रीटचं तसं नाही. खालची माती हलली तरी ते हलत नाही, म्हणून मधे पोकळी राहते.

पोकळी नेमकी कशी होते?

कारणं चार-पाच आहेत आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे.

पहिलं आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे जोत्यात भरलेली काळी माती. पाया खोदताना निघालेली माती बाहेर टाकायला ट्रॅक्टरचं भाडं लागतं. म्हणून तीच माती जोत्यात ढकलली जाते. वरून एक थर मुरूम, मग खडी, मग कोबा. ढेकळांच्या मधे मोकळी जागा राहते. पहिल्या जोरदार पावसात पाणी आत शिरलं की ढेकळं विरघळतात आणि भरणी खाली बसते. सप्टेंबरच्या पावसाने अनेक घरांत हेच केलं असणार. फरशी पावसाने खचवली असं दिसतं, पण मुळात पोकळ भरलेली भरणी पावसाने फक्त बसवली.

दुसरं, दबाई न करणं. मुरूम चांगला असला तरी दोन फुटांचा थर एकदम टाकून वरून पाणी सोडलं, तर तो पूर्ण बसत नाही. ‘आठ दिवस पाणी सोडलं, भरणी बसली’ असं गवंडी सांगतात. वाळू किंवा चांगल्या मुरमाला ते काही प्रमाणात लागू आहे. काळ्या मातीला अजिबात नाही. ती पाण्याने आधी फुगते आणि वर कोबा टाकल्यावर वाळून आकसते.

तिसरं, पाणी. न्हाणीचं, मोरीचं, भांडी घासण्याचं पाणी जोत्यालगत मुरत राहतं. फुटका पाईप, पत्र्याच्या पागोळ्यांचं पाणी, भिंतीला चिकटून केलेला शोषखड्डा, हे सगळं माती हळूहळू धुऊन नेतं. शोषखड्डा चांगलाच आहे. शेजारच्या नांदेड जिल्ह्यातलं टेंभुर्णी गाव तर शोषखड्ड्यांमुळे गटारमुक्त गाव म्हणून नावाजलं गेलं. पण काळ्या मातीत पाणी सावकाश मुरतं, म्हणून खड्डा घराच्या पायापासून लांब हवा. जागा असेल तर दहा फूट तरी.

चौथं, उंदीर, घुशी आणि वाळवी. घूस एकदा जोत्यात शिरली की टोपलीभर माती बाहेर काढते. घराबाहेर ताज्या मातीचा ढीग दिसला, तर तेवढीच माती आतून कमी झाली असं समजा. आणि जिथे उंदीर तिथे साप. जमिनीवर झोपणाऱ्या माणसांसाठी ही पोकळी म्हणजे नुसता बांधकामाचा दोष नाही, जिवाचा धोका आहे.

पाचवं कारण फक्त जुन्या गावठाणात लागू होतं. पूर्वी धान्य साठवायला जमिनीत पेव खोदायचे. ‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार त्यातूनच आला. जुना वाडा पाडून त्या जागेवर नवीन घर बांधलं आणि खाली अर्धवट बुजवलेलं पेव असेल, तर वर्षानुवर्षांनी जमीन अचानक खचू शकते. खोदताना पेव लागलं तर कुणीही आत उतरू नये. बंद जागेतली हवा कोंदट आणि जीवघेणी असू शकते. वरूनच मुरूम टाकून, थराथराने दाबत ते भरून काढावं.

एक गैरसमजही दूर करायला हवा. शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात २१ मार्च २०२४ आणि १० जुलै २०२४ ला भूकंपाचे धक्के बसले, ते परभणीतही जाणवले. तेव्हापासून फरशीचा पोकळ आवाज आला की ‘जमिनीतून आवाज येतोय’ अशी चर्चा होते. फरशीवर चालताना किंवा काठी आपटल्यावर येणारा आवाज आपल्या कोब्याखालच्या पोकळीचा असतो. भूगर्भातल्या आवाजाशी त्याचा संबंध नाही. मात्र जी भिंत खालून आधाराविना आहे, ती धक्क्यात लवकर तडकते, एवढं खरं.

फोटोत जोतं दिसतं, भरणी दिसत नाही

आता मुद्द्याचं बोलू. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाला आपल्याकडे १ लाख २० हजार रुपये मिळतात. रोजगार हमीची मजुरी आणि शौचालयाचे १२ हजार वेगळे. २०२५ मध्ये राज्याने आणखी ५० हजारांची भर जाहीर केली, त्यात १५ हजार सौर पॅनेलसाठी आहेत. घरकुलाला ५ ब्रास वाळू मोफत देण्याचंही धोरण आलं. केंद्राने योजनेचा दुसरा टप्पा २०२४ ते २०२९ असा ठरवला आहे. म्हणजे पुढची काही वर्षं आपल्या गावांत घरकुलांची कामं चालूच राहणार.

पैसे हप्त्याने येतात. जोतं झालं की फोटो, छतापर्यंत आलं की फोटो, पूर्ण झालं की फोटो. जागेच्या खुणेसह तो फोटो संगणकावर चढतो आणि पुढचा हप्ता निघतो. पारदर्शकतेसाठी ही पद्धत चांगली आहे. पण बाहेरून काढलेल्या फोटोत जोत्याच्या चार भिंती दिसतात. आत मुरूम आहे की पायातली काळी माती, दबाई झाली की नाही, हे दिसत नाही. लाभार्थ्यालाही घाई असते, कारण हप्ता अडकला की सिमेंटवाल्याची उधारी वाढते. मग जिथे कुणी बघत नाही तिथे काटकसर होते. ती जागा म्हणजे भरणी.

हिशेब करून बघा. घरकुलाचं किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट. जोत्यात दोन फूट भरणी धरली तर ५३८ घनफूट होतात. १०० घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे जवळपास सव्वापाच ते साडेपाच ब्रास. दाबल्यावर मुरूम कमी भरतो, म्हणून सुटा मुरूम साडेसहा ब्रासच्या आसपास लागतो. घरकुलाच्या रकमेत आधी लोखंड, सिमेंट, विटा आणि मजुरी बसवावी लागते. मुरमाचा खर्च शेवटी उरतो. वाळूची चर्चा सगळीकडे होते, मुरमाची होत नाही. डोंगरालगतच्या गावाला मुरूम जवळ मिळतो. गोदाकाठच्या गावाला तो लांबून आणावा लागतो आणि वाहतूकच जड जाते. म्हणजे जिथे मुरमाची गरज जास्त, तिथेच तो महाग पडतो.

दुसरी अडचण मदतीची. आपत्तीच्या निकषांत अंशतः पडझड झालेल्या पक्क्या घराला ६ हजार ५०० आणि कच्च्या घराला ४ हजार रुपये आहेत, तेही नुकसान किमान १५ टक्के असेल तर. पंचनामा डोळ्यांना दिसणाऱ्या पडझडीवर होतो. पडलेली भिंत दिसते, फरशीखालची पोकळी दिसत नाही. म्हणून फरशी खचली असेल तर पंचनाम्याच्या वेळी ती आवर्जून दाखवा. आत कुठे किती इंच खाली गेली ते पट्टीने मोजून दाखवा, फोटो काढा आणि तलाठी किंवा ग्रामसेवकांना तसं लिहून घ्यायला सांगा. मदत मिळेलच अशी खात्री कुणी देऊ शकत नाही. पण नोंदच नसेल तर पुढे मागायलाही काही उरत नाही.

आधी ओळखा : फरशी खचली की पाया?

दुरुस्तीच्या आधी हा फरक कळणं सगळ्यात महत्त्वाचं आहे. फरशी खचली असेल तर गावातला चांगला गवंडी दुरुस्ती करू शकतो. पाया खचला असेल तर अभियंत्याशिवाय हात लावू नये.

फरशीचीच अडचण असेल तर भिंती सरळ असतात, दारं-खिडक्या नीट लागतात आणि फट फक्त फरशीच्या कडेला असते. पाया हलला असेल तर दार अडकायला लागतं, चौकटीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर वर जाते, चीर वर रुंद आणि खाली बारीक किंवा त्याच्या उलट असते, ओळंबा लावला तर भिंत कललेली दिसते. अशा वेळी पंचायत समितीतल्या गृहनिर्माण अभियंत्याला किंवा तालुक्यातल्या जाणकार स्थापत्य अभियंत्याला घर दाखवा.

पोकळी कुठे आहे ते शोधायला मशीन लागत नाही. रात्री शांत असताना काठीच्या टोकाने किंवा दगडी गोट्याने फरशी हळू ठोकत जा. भरीव जागी ‘टक’ आवाज येतो, पोकळ जागी ‘डब’. पोकळ भागाभोवती खडूने रेघ मारा. एक ध्यानात ठेवा, नुसती टाइल सुटली असली तरी पोकळ आवाज येतो. म्हणून दोन ठिकाणी टाइल काढून खालच्या कोब्यावर ठोकून बघा.

चिरेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहा. दर महिन्याला बघा. उन्हाळ्यात रुंद होऊन पावसाळ्यात मिटणारी चीर म्हणजे काळ्या मातीची श्वास घेण्यासारखी हालचाल. एकदा खाली जाऊन थांबलेली फरशी म्हणजे बसलेली भरणी. पहिल्या प्रकारात नुसती पोकळी भरून काम भागत नाही, आधी मातीतली ओल एकसारखी करावी लागते. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातही अशीच फुगणारी माती आहे. तिथे कोरड्या दिवसांत लोक घराभोवतीची जमीन आकसू नये म्हणून तिला थोडं-थोडं पाणी देतात. आपल्याकडे पाणी देण्याची चैन नाही, पण तत्त्व तेच आहे. घराभोवतीची ओल एकदम वाढू नये आणि एकदम घटू नये.

दुरुस्ती : आधी पाणी, मग भरणी

कुठलीही पोकळी भरण्याआधी पाण्याची वाट बंद करा. मोरीचं पाणी पाईपने लांब न्या. गळका नळ, फुटका पाईप बदला. छताचं पाणी भिंतीलगत पडू देऊ नका. घराभोवती तीन-चार फूट रुंदीचा, बाहेरच्या बाजूला उतार असलेला कोबा करा. तेवढा खर्च जमत नसेल तर किमान मुरूम दाबून बाहेरच्या बाजूला उतार द्या. घुशीची बिळं असतील तर ती बाहेरून खडी आणि सिमेंटने बुजवा. भिंतीला लागून मोठं झाड असेल तर ते उन्हाळ्यात खालची ओल ओढून घेतं, हेही बघा. एवढं केलं तरी अर्धी दुरुस्ती झाली.

पोकळी दोन-तीन इंचांपर्यंत असेल आणि वरचा कोबा शाबूत असेल, तर फरशी न फोडता काम होतं. कोब्याला सव्वा-दीड इंचाची भोकं साधारण तीन-तीन फुटांवर पाडा. खालून पाण्याचा किंवा विजेचा पाईप गेला असेल तर ती जागा आधी खडूने आखून टाळा आणि मेन स्विच बंद ठेवा. मग पातळ मिश्रण नरसाळ्यातून किंवा उभ्या पाईपमधून सोडा. १ भाग सिमेंट, २ भाग औष्णिक केंद्राची बारीक राख आणि ६ भाग चाळलेली बारीक वाळू, धिरड्याच्या पिठाइतकं पातळ. राख परळीच्या औष्णिक केंद्राची, विटा करणाऱ्यांकडे मिळते. राखेमुळे मिश्रण सरकतं आणि वाळू तळाला बसत नाही. राख नसेल तर सिमेंट थोडं वाढवा.

एका कोपऱ्यापासून सुरुवात करा. शेजारच्या भोकातून मिश्रण वर आलं की पहिल्या भोकात लाकडी खुंटी मारा आणि पुढच्या भोकाकडे जा. पंपाचा दाब देऊ नका, त्याने पातळ कोबा उचलून तडकतो. तीन-चार फूट उंच पाईपमधल्या मिश्रणाचं वजन पुरेसं असतं. अर्धं आज, अर्धं उद्या, असं भरलं तर चांगलं बसतं. मधे मधे मोरीच्या जाळीत आणि बाहेरच्या गटारात बघा, मिश्रण तिकडे तर जात नाही ना. आठवड्याने पुन्हा ठोकून बघा आणि राहिलेली जागा भरा. तोवर जड सामान ठेवू नका.

किती माल लागेल? दहा बाय बाराची खोली आणि सगळीकडे दोन इंचांची पोकळी धरली तर २० घनफूट, म्हणजे ब्रासचा पाचवा हिस्सा. वरच्या प्रमाणात सिमेंटची दोन-अडीच पोती लागतात. तीच पोकळी नुसत्या सिमेंटच्या पाण्याने भरायला गेलात तर बारा पोत्यांच्या आसपास सिमेंट जातं. ‘नुसतं सिमेंट ओता, मजबूत होईल’ हा सल्ला म्हणून महागात पडतो. फरशीखाली खांबाएवढी ताकद लागत नाही, भरीव आधार लागतो.

शहरांत आणि परदेशांत फुगणारा फोम सोडून फरशी उचलण्याचं तंत्रही वापरतात. ते झटपट होतं, पण महाग आहे आणि माती हलतच राहिली तर तेही कायमचं नाही. आपल्या गावातल्या घरासाठी त्याच्या मागे लागायची गरज नाही.

पोकळी तीन इंचांहून जास्त असेल, कोबा तुकड्या-तुकड्यांत तडकला असेल किंवा भोकातून काळा चिखल वर येत असेल, तर फरशी फोडलेली बरी. एका वेळी एकच खोली घ्या. बॅटरीने पोकळी नीट बघितल्याशिवाय आत हात घालू नका. काळी माती जेवढी निघेल तेवढी काढा, पण भिंतीलगत पायाच्या तळापेक्षा खाली खोदू नका, नाहीतर भिंतीचाच आधार जाईल. मग सहा-सहा इंचांचे थर टाकून मुरूम भरा. मुरूम मुठीत आवळला तर गोळा व्हावा, पण पाणी गळू नये, इतपत ओला हवा. प्रत्येक थर धुम्मसने कुटा. तालुक्याच्या ठिकाणी दबाईचं छोटं मशीन भाड्याने मिळालं तर आणखी चांगलं. त्यावर चार इंच खडी, वर जाड प्लास्टिकचा कागद आणि मग तीन-चार इंचांचा कोबा. कोबा आणि भिंत यांच्यात बारीक सांधा सोडा, म्हणजे माती हलली तरी भिंतीला ताण येत नाही.

काम कधी करायचं, हेही तितकंच महत्त्वाचं. मे महिन्यात माती पूर्ण आकसलेली असते. तेव्हा सगळ्या भेगा कडक मालाने भरल्या तर पावसाळ्यात फुगलेली माती फरशी वर ढकलते. भर पावसाळ्यात माती फुगलेली असते, तेव्हा पोकळी लहान दिसते. दिवाळी ते संक्रांत हा काळ बरा. ओल मध्यम असते, मुरूम नीट दबतो आणि शेतातलं काम सांभाळून मजूरही मिळतो.

नवीन घर बांधणाऱ्यांनी

ज्यांचं घरकुल आता मंजूर झालं आहे, त्यांना दुरुस्तीची वेळच येऊ नये. काळ्या मातीवर बांधायचं शास्त्र नवीन नाही. रुडकीच्या केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेने अशा मातीसाठी तळाला फुगवटा असलेल्या खांबांचा पाया कित्येक दशकांपूर्वीच तयार केला. आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीवर न फुगणाऱ्या मातीचा दाबलेला थर टाकला तर तिची फुगण्याची ताकद आटोक्यात राहते, हे दाखवलं. कालव्यांच्या कामात ते वापरलं गेलं. मुरमाचा थर हा त्याचाच आपल्या ऐपतीतला प्रकार आहे, अट एवढीच की तो पुरेसा जाड आणि दाबलेला हवा. पायातून निघालेली काळी माती जोत्यात टाकू नका. ती शेतात किंवा परसात टाका, तिथे ती सोनं आहे.

गवंड्याशी बोलतानाही हे आधीच ठरवा. उक्तं काम देताना ‘जोतं भरून’ एवढंच म्हटलं की कशाने भरायचं हे त्याच्यावर जातं. मुरूम किती थरांत, कुटायचं कुणी, हे सांगून मगच दर ठरवा. गवंड्यांचाही यात दोष कमीच असतो. जे ठरलं नाही त्याचे पैसे त्यांना कुणी देत नाही.

प्रशासनाकडून काय हवं?

मागणी मोठी नाही. पहिली, जोत्याच्या टप्प्यावर बाहेरच्या फोटोबरोबर भरणीचा एक फोटो घ्यावा, कोबा टाकण्याआधीचा. त्याने खर्च वाढत नाही. दुसरी, मोफत वाळूच्या धर्तीवर घरकुलाच्या भरणीसाठी मुरमाचीही तालुका पातळीवर सोय व्हावी. खोल काळ्या मातीच्या गावांना वाहतुकीचा विचार करून प्राधान्य द्यावं. तिसरी, पंचनाम्याच्या नमुन्यात खचलेल्या फरशीची वेगळी नोंद असावी. चौथी, दबाईचं एखादं मशीन ग्रामपंचायतीने घेतलं आणि नाममात्र भाड्याने फिरवलं, तर गावातली सगळी घरकुलं त्याचा फायदा घेऊ शकतात. हे ग्रामसभेत ठराव करून मागता येतं.

तोवर लाभार्थ्यांनीही एकत्र यावं. एका वस्तीत दहा घरकुलं असतील तर मुरूम दहा जणांनी मिळून आणला तर खेपांचा खर्च वाटला जातो. एकेकट्याने आणला तर परवडत नाही, आणि मग पुन्हा काळी मातीच जोत्यात जाते.

घरकुल हे बहुतेक कुटुंबांच्या आयुष्यातलं पहिलं आणि शेवटचं पक्कं घर असतं. सरकारी हप्ते, पदरचे पैसे आणि सावकाराची किंवा बचतगटाची उधारी मिळून ते उभं राहतं. यंदा पाऊस येण्याआधी एक संध्याकाळ काढा आणि घरातली फरशी काठीने ठोकून बघा. ‘डब’ आवाज आला तर टाइलच्या दुकानात जाण्याआधी बाहेर जाऊन पाणी कुठून शिरतंय ते शोधा.